ओठाचं ऑपरेशन झालं, आता बाळाला दूध कसं पाजायचं?

आमच्या बाबूचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता, त्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो चार महिन्यांचा होता. श्रावण चालू होता, बाहेर धो धो पाऊस, आणि ऑपरेशननंतर त्याला माझ्या हातात दिला तेव्हा तो भुकेने नुसता किंचाळत होता. एक नर्स म्हणाली, अंगावर घ्या, पाजा. मी घेणार इतक्यात दुसरी आली आणि म्हणाली नाही नाही, दहा दिवस चमचाच, टाके सुटतील. झालं, मी घाबरले, चमचा हातात घेतला, त्याला बिचाऱ्याला चमचा म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, अर्धं दूध गळ्यावर, अर्धं माझ्या साडीवर, आणि तो रडताना ओठ असा ताणला जायचा की मला एकेक टाका दिसत होता. तासभर हेच. शेवटी सर्जन राउंडला आले, त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, घ्या हो त्याला अंगावर, हा एवढा रडतोय त्यानेच टाक्यांवर जास्त ताण येतोय.

तो एक तास मी विसरू शकत नाही. कारण तो टाळता आला असता, मी फक्त आदल्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता. म्हणून हे सगळं लिहितेय, ज्यांच्या बाळाचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण, कारण बाळाला भरवायचं म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सांगायचंच असतं.

आधी हे समजून घ्या की त्या दोन्ही नर्स आपल्या मनाचं काही सांगत नव्हत्या. पूर्वी बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत होती, ओठाचं ऑपरेशन झालं की दहा-पंधरा दिवस अंगावर पाजायचं नाही, बाटली नाही, फक्त चमचा, वाटी किंवा सिरिंज, कारण ओढताना ओठावर जोर येऊन टाके सुटतील अशी भीती. नंतर दोन्ही पद्धतींची तुलना करून बघितली गेली तेव्हा लगेच अंगावर किंवा बाटलीने पाजलेल्या बाळांचे टाके काही जास्त सुटले नाहीत, उलट वजन चांगलं राहिलं आणि बाळं शांत राहिली. हे अभ्यास खूप मोठे नाहीत, पण ते सगळे साधारण एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून आता बरेच सर्जन बाळ नीट शुद्धीवर आलं की नेहमीच्या पद्धतीनेच पाजू देतात. काही सर्जन अजून चमचाच सांगतात, आणि कधीकधी त्याला कारण असतं, दोन्ही बाजूंनी ओठ फाटलेला असेल, फट मोठी असेल, शिवताना ओढून आणावं लागलं असेल तर ते जास्त जपून चालतात. तेव्हा शेवटचा शब्द ज्याने ओठ शिवला त्याचाच. माझं म्हणणं एवढंच आहे की तो शब्द ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या, शक्य असेल तर फाईलवर लिहून घ्या, म्हणजे रात्री ड्युटी बदलली आणि नवीन नर्स आली तरी तुम्ही फाईल दाखवू शकता.

आता ओढताना टाके का सुटत नाहीत ते सांगते, मला हे कळल्यावर फार धीर आला होता. आपल्याला वाटतं बाळ ओठाने दूध ओढतं. खरं तर जास्त काम जीभ आणि खालचा जबडा करतात, ओठ फक्त बाहेरून हवा येऊ नये म्हणून बंद करून धरतो, डब्याच्या झाकणाचं रबर असतं ना तसं. अंगावर पिताना वरचा ओठ मऊ छातीवर नुसता टेकलेला असतो. आणि ऑपरेशनमध्ये फक्त वरची कातडी शिवतात असं नाही, तोंडाभोवती एक गोल स्नायू असतो, फाटलेल्या ओठात तो मध्येच तुटलेला असतो आणि त्याची दोन टोकं नाकाकडे वर गेलेली असतात, सर्जन ती सोडवून खाली आणतो आणि एकमेकांना जोडतो. आतल्या बाजूला एक थर टाक्यांचा, मध्ये स्नायूचा, मग बाहेर कातडीचा. खरी ताकद त्या मधल्या थरात असते, जो आपल्याला दिसतच नाही. आपण बघतो ते बारीक बारीक बाहेरचे टाके आणि आपला जीव वर-खाली होतो.

रडताना मात्र तोच गोल स्नायू सगळ्या बाजूंनी खेचला जातो. म्हणून भुकेलं ठेवून टाके जपणं हे उलटं गणित आहे.

आता ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करते, कारण नंतरचं पाजणं सोपं जाणार की कठीण ते बरंचसं आधीच ठरतं. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात. एक जुना हिशेब आहे दहाचा: वय १० आठवडे, वजन १० पाउंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १०. सगळे सर्जन अगदी काटेकोर तो पाळतात असं नाही, पण वजन आणि रक्त दोन्ही सगळे बघतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून दूध पोटात जाणं हीच ऑपरेशनची तयारी. फक्त ओठ फाटलेला असेल आणि तोंडाच्या आतलं वरचं छत शाबूत असेल तर बरीच बाळं अंगावर पितात, फक्त फटीतून हवा जाते, तिथे आईने स्वतःच्या बोटाने किंवा छातीच्याच मऊ भागाने फट झाकायची. मी अंगठ्याने झाकायचे. सुरुवातीला जमत नव्हतं, पंधरा दिवसांनी डोळे मिटून जमायला लागलं.

जर तुमच्या सर्जनने सांगितलं की नंतर चमच्यानेच पाजायचं तर ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी दिवसातून एक-दोनदा चमच्याने पाजायची सवय करा. काढलेलं दूध घ्या, पोट अर्धं भरलेलं असताना घ्या, पूर्ण भुकेल्या बाळावर नवीन गोष्ट शिकवायला जाऊ नका. नंतर दुखणाऱ्या ओठाने, अनोळखी खोलीत, भुकेने कळवळताना त्याला चमचा शिकवायचा म्हणजे काय होतं ते वर सांगितलंच.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवतात. साधारण नियम असा, आईचं दूध ४ तास आधी बंद, पावडरचं किंवा गाईचं दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत, पण तुमची वेळ भूल देणारे डॉक्टर सांगतील तीच खरी. ह्याचं कारण घरच्यांना आधीच नीट समजावून ठेवा. भूल दिल्यावर खोकल्याची, गिळण्याची आपली राखण बंद पडते, पोटात दूध असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. आमच्या सासूबाई जीव तोडून सांगत होत्या, अगं बाय, एक चमचा साखरपाणी दे, कुणाला कळणार आहे, लेकराचा घसा सुकला. त्यांची माया मला दिसत होती, पण मी बाबूला घेऊन व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुम्हाला पण असं उभं राहावं लागेल. आणि त्या वेळात तुमचं दूध भरून येईल, तर पंप किंवा हाताने काढा, नाहीतर गाठी होतात आणि बाळ परत येईल तेव्हा छाती इतकी कडक असते की त्याला नीट धरताच येत नाही.

ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदा बाळ बघाल तेव्हा मनाची तयारी ठेवा. ओठ सुजलेला, नाकपुडीजवळ रक्त सुकलेलं, लाळेत गुलाबी छटा, आणि चेहराच वेगळा. खरं सांगते, मला क्षणभर माझं बाळ हरवल्यासारखं वाटलं, चार महिने ज्या हसण्याची सवय झाली होती ते हसणंच गेलं. असं वाटणाऱ्या खूप आया असतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

पहिलं दूध नीट जागं झाल्यावर, डोळे उघडून बघायला लागल्यावर. थोडंच. एखादी उलटी होऊ शकते, भुलीमुळे आणि ऑपरेशनच्या वेळी पोटात गेलेल्या रक्तामुळे, त्यामुळे उलटीत तपकिरी कण दिसले तर घाबरू नका पण नर्सला दाखवा. लालभडक ताजं रक्त असेल तर मात्र लगेच हाक मारा. उलटी झाली तर थोडा वेळ थांबून परत थोडं थोडं. पहिला दिवस बाळ नेहमीपेक्षा कमीच पितं, म्हणून सलाईन चालू ठेवतात आणि पिणं वाढलं की काढतात. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढल्यासारखी दिसते, मग उतरते.

बाबूने पहिल्यांदा तोंडात घेतलं, दोन घोट ओढले आणि सोडून ओरडायला लागला. परत घेतलं, परत सोडलं. मला वाटलं ओठ दुखतोय. नर्सने बघितलं आणि म्हणाली, नाक बंद आहे त्याचं. लहान बाळं मुख्यतः नाकाने श्वास घेतात, आणि ह्या ऑपरेशनमध्ये नाकपुडीचा आकार पण सुधारतात, त्यामुळे आत सूज, सुकलेलं रक्त, कधी कधी नाकपुडीत आधाराला छोटी सिलिकॉनची नळी पण ठेवलेली असते. तोंड दुधाने भरलं आणि नाकाने हवा येत नाही म्हटल्यावर बाळ सोडणारच. तेव्हा बाळ सोडतंय म्हणजे नको म्हणतंय असं धरू नका. त्याला थोडं उभं धरा, दोन-चार घोटांनंतर स्वतःच थांबवा, श्वास घेऊ द्या, मग परत. डॉक्टरांनी नाकात घालायला सलाईनचे थेंब दिले असतील तर पाजायच्या थोडं आधी घाला. नाकात कापूस, काडी, बोट काही घालू नका, नळी असेल तर हलवू नका.

दुसरं म्हणजे ओठच नवीन आहे. चार महिने त्याच्या जिभेला ती फट माहीत होती, आता तिथे भिंत आली, थोडी बधिर, थोडी ताठ. एक-दोन दिवस बाळ गोंधळतं आणि मग एकदम जमतं, आणि जमलं की आधीपेक्षा घट्ट धरतं. दुखायचं औषध मिलीमध्ये डॉक्टर वजनावर ठरवून देतात, ते वेळच्या वेळी द्या, पहिले दोन-तीन दिवस रडायची वाट बघू नका, आणि शक्य असेल तर वेळ अशी जुळवा की औषध दिल्यावर अर्ध्या तासाने दूध येईल. मोठ्यांची गोळी फोडून देणं वगैरे अजिबात नाही.

किती पाजायचं हा प्रश्न सगळ्या आयांचा. ह्या वयात साधारण हिशेब दर किलोला दिवसाला १५० मिली, म्हणजे बाळ ५ किलोचं असेल तर २४ तासांत ७५० मिली, आठ वेळा पाजलं तर एका वेळी नव्वद-पंच्याण्णव मिली. पहिले एक-दोन दिवस एवढं जाणार नाही, मग एका वेळी कमी आणि जास्त वेळा पाजा. अंगावर पाजताना मिली मोजता येत नाही, तिथे लंगोट मोजायचे. दिवसभरात सहा तरी चांगले ओले, आणि शू फिकट रंगाची. (पावसात लंगोट वाळत नाहीत म्हणून आम्ही त्या आठवड्यात डायपर वापरले, त्यात ओलं किती झालं हे कळत नाही, तर हातात धरून जड लागतो का बघायचं.) एका वेळचं पाजणं अर्ध्या तासाच्या आत संपायला हवं. तासभर एकच फीड चाललंय म्हणजे बाळ जेवढं पितंय तेवढं ओढण्यातच खर्च करतंय, तिथे पद्धत बदलायला हवी. आणि घरी आल्यावर आठवड्याने अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात जाऊन वजन करा, दर वेळी त्याच काट्यावर.

आता चमचा. ज्यांना चमचाच सांगितलाय त्यांनी हे नीट वाचा कारण चमच्याने ठसका लागायची भीती जास्त. बाळाला आडवं ठेवून पाजायचं नाही, मांडीत जवळजवळ बसवल्यासारखं, डोकं तुमच्या दंडावर. छोटा, कडा गुळगुळीत असलेला चमचा घ्या. तो खालच्या ओठावर टेकवायचा, दूध कडेपर्यंत येईल एवढाच वाकवायचा आणि थांबायचं. बाळ स्वतः जीभ पुढे काढतं, चाटतं, ओढून घेतं. आपण ओतायचं नाही. वरच्या ओठाला चमचा लागू द्यायचा नाही, आणि चमचा वरच्या ओठाला पुसून बाहेर काढायची सवय असते ना आपल्याला, ती एकदम सोडायची. आमच्याकडे जुनं चांदीचं बोंडलं होतं, सासूबाईंनी माळ्यावरच्या पेटीतून शोधून काढलं, घासून उकळून ठेवलं. बोंडलं चांगलं आहे, लांब चोच असते, पण त्यातून दूध भसकन येतं आणि चोच टणक असते, तर चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवायची, आत घुसवायची नाही, थेंब थेंब सोडायचं, प्रत्येक घोट गिळला की पुढचा. सिरिंज दिली असेल तर पुढे मऊ नळी लावून गालाच्या आतून, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूने, घशाकडे धार मारायची नाही.

बाटलीवाल्यांसाठी एवढंच की निपल मऊ हवं आणि ऑपरेशनच्या आधी जी बाटली चालत होती तीच ठेवा, त्याच दिवशी नवीन आणू नका. दाबायची बाटली असेल तर बाळ गिळतंय त्या तालावर हलकं दाबायचं. बाटली स्वतःच्या हाताने धरा, उशीला टेकवून ठेवू नका, घसरली तर सरळ टाक्यांवर.

ढेकर जास्त वेळा काढा, मध्ये एकदा आणि शेवटी एकदा. खांद्यावर घेताना तोंड खांद्यावर घासतं, आम्हाला सांगितलं होतं की मांडीवर बसवून, हनुवटीखाली हाताचा आधार देऊन पाठीवर थोपटा. ते जमतं, दोन दिवसांत हात बसतो.

पाजून झालं की काम संपत नाही, टाके साफ करायचे. दूध टाक्यांवर सुकलं की त्याची खपली धरते, खपलीखाली जंतू वाढतात आणि वण जाड होतो. म्हणून प्रत्येक फीडनंतर उकळून थंड केलेलं पाणी किंवा डॉक्टरांनी दिलेलं सलाईन, त्यात स्वच्छ कापसाची काडी बुडवायची आणि टाक्यांवरून फिरवत न्यायची, म्हणजे लाटणं फिरतं तशी काडीच बोटांत फिरवत. घासायची नाही. एक काडी एकदाच. सुकलेलं रक्त निघालं नाही तर ओढू नका, ओलं करून ठेवा, पुढच्या वेळी सुटेल. मग दिलेलं मलम पातळ. तेवढंच. हळद नाही, खोबरेल नाही, तूप नाही, मध तर नाहीच, एक वर्षाच्या आत मध बाळाला कुठेच द्यायचा नसतो. बाहेरचे टाके काही ठिकाणी आपोआप विरघळणारे घालतात, काही ठिकाणी पाच-सात दिवसांनी काढतात, ते पण विचारून ठेवा.

हात. बाळाचा हात तोंडाकडे जातोच. काही सर्जन कोपर वाकू नये म्हणून हाताला पट्ट्या बांधायला देतात, दोन-तीन आठवडे, काही देत नाहीत. दिल्या असतील तर एका वेळी एकच हात मोकळा करायचा, थोडा हलवायचा, कातडी बघायची. आपल्याकडच्या दमट हवेत आत घामोळं येतं, म्हणून आतून सुती कपडा. चोखणी, टणक खुळखुळा, सगळं बाजूला. झोपवायचं पाठीवर. तेल लावून न्हाऊ घालणारी बाई येत असेल तर तिला आधीच सांगा की टाके बरे होईपर्यंत पालथं घालायचं नाही, तोंडावर हात नाही, आणि न्हाणानंतरची धुरी बंद, त्या धुराने खोकला येतो आणि खोकला टाक्यांना नको.

आम्ही घरी आलो आणि आठवड्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी होती. घरात मुंबईहून, सावंतवाडीहून माणसं, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीची फळं ओसरीभर पसरलेली, आणि प्रत्येकाला बाबूला घ्यायचं होतं, त्याचा नवीन ओठ बघायचा होता, पापा घ्यायचा होता. मी दारावर उभी राहून सांगितलं, लांबून बघा, सर्दी असेल तर खोलीत येऊ नका. एक मामेसासरे रागावले. रागावू देत. नंतर तेच बाजारातून उकळलेल्या पाण्यासाठी थर्मास घेऊन आले.

त्याच गर्दीत ग्रहणाची गोष्ट पण निघाली, की मी पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली असणार. हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण हे ऐकलं की आईचं मन बसतं आणि मन बसलं की पाजणं पण बिनसतं. ओठ तयार होतो गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. दोन्ही बाजूंनी वाढत येणारे भाग त्या वेळी मध्ये जुळले नाहीत तर फट राहते. काही वेळा घराण्यात असतं, काही वेळा फिटची काही औषधं, सिगारेट, आधीपासूनचा मधुमेह ह्यांचा संबंध असतो, आणि खूपदा कुठलंच एक कारण सापडत नाही. जगात साधारण ७०० बाळांत एकाला हे असतं. ग्रहण काही ७०० घरांतलं एकच घर निवडून येत नाही. विळी, चाकू, चंद्र ह्यांचा काही संबंध नाही.

आणखी एक घोळ आमच्याकडे झाला, तो शब्दाचा. डॉक्टर म्हणाले, टाळू चांगली आहे हो, फक्त ओठच आहे. सासूबाईंना वाटलं डोक्यावरची टाळू, त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जास्तच तेल घालून टाळू भरायला घेतली. डॉक्टर म्हणत होते ती टाळू म्हणजे तोंडातलं छत, जीभ वर लावली की लागतं ते. ह्या टाळूचा फरक पाजण्याच्या बाबतीत फार मोठा आहे. ज्या बाळाच्या तोंडातल्या टाळूला पण फट असते त्याला तोंडात पोकळी करून ओढताच येत नाही, तोंड आणि नाक एकच झालेलं असतं, म्हणून त्यांना दाबायची खास बाटली लागते, आणि दूध नाकातून येतं. तर अशा बाळाचं ओठाचं ऑपरेशन झालं तरी दूध नाकातून येत राहणार, ओढ तशीच कमी राहणार. आमच्या बाजूच्या खाटेवरच्या बाळाचं हेच होतं आणि त्याची आई रडत होती की ऑपरेशन फुकट गेलं. फुकट गेलेलं नसतं. टाळूचं ऑपरेशन वेगळं, ते नंतर, साधारण ९ ते १८ महिन्यांच्या मध्ये करतात, आणि त्याच्यानंतरचे खायचे नियम अगदी वेगळे, तिथे तोंडात चमचा-स्ट्रॉ काही खोल घालायचं नाही, काही दिवस पेज, सूप असं पातळच. ओठाचे नियम तिथे लावू नका आणि तिथले इथे.

कधी धावायचं ते पण सांगते. ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइटच्या वर. टाक्यांतून पू, घाण वास, किंवा लाली पसरत चाललीय. टाका उघडलाय असं दिसलं. स्वच्छ गॉझ हलकं दाबून धरलं तरी दहा मिनिटांत रक्त थांबत नाही. सलग दोन-तीन वेळा दूध घेतलंच नाही, सात-आठ तास शू नाही, बाळ मलूल पडलंय. ह्यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, सर्जनच्या वॉर्डचा फोन नंबर घरात भिंतीवर लावून ठेवा. श्वासाला त्रास, ओठ-जीभ निळसर, छाती आत ओढली जातेय, तर सरळ १०८. आमच्या गोव्यात सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात आत कुठे राहत असाल तर डिस्चार्जच्याच दिवशी विचारून घ्या की रात्री पहिल्यांदा कुठे जायचं, वाळपई, साखळीच्या आरोग्य केंद्रात की सरळ म्हापसा, मडगाव, बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात. आणि खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून सरकारची योजना २०१३ पासून आहे, तिच्या यादीत फाटलेला ओठ आणि टाळू दोन्ही आहेत, आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

पुढचे काही महिने वण मन खचवतो, आधी सांगून ठेवते. टाके गेल्यावर छान बारीक रेघ दिसते, आपण खूश, आणि मग महिना-दीड महिन्याने तीच रेघ लाल, टणक होते, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. बाबूचा तर इतका वर गेला की मला वाटलं परत ऑपरेशन. हा बरं होण्याचाच भाग आहे, तीन-चार महिन्यांनंतर हळूहळू सैल पडतो, वर्षभर बदलत राहतो. टाके पूर्ण भरल्यावर डॉक्टर वणाला मसाज शिकवतात, ते सांगतील तेव्हाच सुरू करा, आणि बाहेर नेताना उन्हात टोपी.

सहाव्या महिन्यात आम्ही नाचणीचं तिजाण, म्हणजे पेज, सुरू केलं, अगदी पातळ, वस्त्रगाळ करून. तेव्हा ओठ त्याच ओढलेल्या अवस्थेत होता. चमच्यावरचं खाणं वरच्या ओठाने पुसून घेणं ही गोष्ट त्याला येत नव्हती, तो जिभेने चाटायचा आणि निम्मं बाहेर. सासूबाई चमचा वर उचलून त्याच्या ओठाला पुसायच्या, आपण सगळेच असं करतो. मी त्यांना म्हटलं, आई, चमचा सरळ धरा आणि थांबा, त्यालाच ओठ खाली आणू दे. पहिले आठ-दहा दिवस काही नाही. मग एका सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, मी आले तर त्या चमचा हवेत धरून गप्प बसल्या होत्या, आणि बाबूने वरचा ओठ खाली आणला, मिटला, आणि चमचा रिकामा केला.